दिनांतर्गत शेअर-व्यवहार व किमान शिल्लकेचा नियम

दिनांतर्गत शेअर-व्यवहार व किमान शिल्लकेचा नियम : एखाद्या कंपनीचे शेअर सकाळी खरेदी करून ते त्याच दिवशी विकणे किंवा हाती नसलेले शेअर आधी विकून त्याच दिवशी त्यांची परतखरेदी करणे, यास ‘दिनांतर्गत व्यवहार’ अथवा ‘डे ट्रेडिंग’ असे म्हणतात. असा व्यवहार करणारा दिवसअखेर कोणतेही शेअर स्वतःजवळ ठेवीत नाही. लाभांश अथवा कंपनीची दीर्घकालीन प्रगती हे त्याचे उद्दिष्ट नसते; काही मिनिटांत वा तासांत होणाऱ्या भावांच्या चढउतारांतून नफा मिळविणे, एवढाच त्याचा हेतू असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असे व्यवहार वारंवार करणाऱ्या ग्राहकाच्या खात्यात किमान २५,००० डॉलर शिल्लक असलीच पाहिजे, असा नियम २००१ मध्ये करण्यात आला. शेअर बाजारांच्या नियंत्रणाच्या इतिहासात छोट्या गुंतवणूकदारांच्या इतका जिव्हाळ्याचा व इतका वादग्रस्त ठरलेला नियम क्वचितच आढळतो. जोखीम पत्करण्याचा अधिकार माणसाच्या संपत्तीवरून ठरवावा काय, हा मूलभूत प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. हा नियम ऋण देणाऱ्या दलालाच्या रक्षणासाठी होता की ऋण घेणाऱ्या ग्राहकाच्या, या बाबतीतील संदिग्धता त्याच्या संपूर्ण इतिहासात दिसून येते.

मार्जिनची कल्पना : नियमाचे स्वरूप समजण्यासाठी प्रथम मार्जिन ही संज्ञा स्पष्ट होणे आवश्यक आहे. शेअर खरेदी करताना संपूर्ण रक्कम स्वतः न भरता तिचा काही भाग दलालपेढीकडून कर्जाऊ घेता येतो. उरलेला जो हिस्सा ग्राहकाने स्वतः भरावयाचा असतो, त्यास ‘मार्जिन’ म्हणतात. खरेदी केलेले शेअर कर्जाचे तारण म्हणून दलालाकडेच राहतात. शेअरांच्या बाजारमूल्यातून कर्ज वजा जाता जे उरते, ते ग्राहकाचे स्वभांडवल होय. उदा., १०,००० डॉलर स्वतःचे व तेवढेच कर्जाऊ घेऊन एखाद्याने २०,००० डॉलरांचे शेअर घेतले आणि भाव एकतृतीयांशाने उतरले, तर शेअरांचे मूल्य सुमारे १३,३३३ डॉलर होते; पण कर्ज १०,००० डॉलरच राहते. म्हणजे ग्राहकाचे स्वभांडवल केवळ ३,३३३ डॉलर, अर्थात मूल्याच्या एकचतुर्थांश उरते. भाव एकतृतीयांशाने घटले, तरी ग्राहकाचे नुकसान दोनतृतीयांश झालेले असते. भाव याहूनही खाली गेल्यास दलाल ग्राहकाकडे आणखी रकमेची मागणी करतो व ती न आल्यास तारण शेअर विकून टाकतो. मार्जिन हे अशा रीतीने सर्वप्रथम कर्ज देणाऱ्याचे संरक्षण असते. मार्जिनचे प्रमाण जितके कमी, तितका अल्प भांडवलाचा मनुष्य मोठ्या सट्ट्यात उतरू शकतो आणि तितक्याच लवकर तो बुडू शकतो.

पूर्वपीठिका : छोट्या रकमेवर सट्टा करण्याची प्रवृत्ती अमेरिकेत जुनी आहे. तारायंत्राने शेअरांचे भाव दूरवर पोहोचू लागल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे ‘बकेट शॉप’ या नावाने ओळखली जाणारी दुकाने निघाली. तेथे ग्राहक थोडी रक्कम ठेवून भाव चढेल की उतरेल यावर पैज लावी. प्रत्यक्ष शेअरांची खरेदी-विक्री मुळीच होत नसे. भाव ग्राहकाच्या विरुद्ध थोडा जरी सरकला, तरी त्याची ठेव बुडे व ती दुकानदाराच्या पदरात पडे. न्यूयॉर्क राज्याने १९०८ मध्ये या दुकानांविरुद्ध कायदा केला. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्यपाल चार्ल्स एव्हान्स ह्यूझ यांनी सट्ट्याच्या चौकशीसाठी एक समिती नेमली. १९०९ मध्ये सादर केलेल्या अहवालात तिने अल्प मार्जिनवरील सट्ट्यास दलालांनी उत्तेजन देऊ नये आणि सामान्यतः २० टक्क्यांपेक्षा कमी मार्जिनवर व्यवहार स्वीकारू नयेत, अशी शिफारस केली. अल्प साधनांच्या लोकांना सट्ट्यापासून दूर ठेवण्यासाठी रकमेची अट घालावी, हा विचार अशा प्रकारे विसाव्या शतकाच्या प्रारंभीच मांडला गेला होता.

ही शिफारस फारशी परिणामकारक ठरली नाही. १९२० नंतरच्या तेजीत १० ते २० टक्के रक्कम भरून शेअर घेण्याची प्रथा सर्रास रूढ झाली. १९२९ च्या शरद ऋतूत दलालांना दिलेल्या कर्जांची रक्कम सुमारे ८५० कोटी डॉलरांपर्यंत गेली होती. ३ सप्टेंबर १९२९ रोजी ३८१ वर असलेला डाऊ-जोन्स औद्योगिक निर्देशांक २८ ऑक्टोबरला एका दिवसात सुमारे १३ टक्क्यांनी व दुसऱ्या दिवशी आणखी सुमारे १२ टक्क्यांनी कोसळला. भाव उतरले म्हणून मार्जिनची मागणी, ती पुरी न झाल्याने तारण शेअरांची विक्री आणि त्या विक्रीमुळे आणखी उतरणारे भाव, असे दुष्टचक्र सुरू झाले. ८ जुलै १९३२ रोजी निर्देशांक ४१ वर आला. म्हणजे त्याचे जवळजवळ नऊदशांश मूल्य नाहीसे झाले होते.

या अनुभवातून १९३४ चा रोखे विनिमय अधिनियम संमत झाला. त्यान्वये रोखे व विनिमय आयोगाची स्थापना झाली आणि शेअरांवरील कर्जाचे प्रमाण ठरविण्याचा अधिकार फेडरल रिझर्व्ह मंडळास मिळाला. मंडळाने या अधिकारानुसार केलेला नियम ‘टी विनियम’ या नावाने ओळखला जातो. प्रारंभिक मार्जिनचे प्रमाण मंडळाने परिस्थितीनुसार अनेक वेळा बदलले. १९४६ मध्ये ते १०० टक्के होते, म्हणजेच कर्जावर शेअर घेणे पूर्णतः बंद होते. जानेवारी १९७४ मध्ये ते ५० टक्के करण्यात आले व त्यानंतर त्यात बदल झाला नाही. याखेरीज शेअर बाजारांच्या स्वयंनियंत्रक संस्थांनी खात्यातील स्वभांडवल बाजारमूल्याच्या किमान २५ टक्के राखावे आणि कर्जाचे खाते उघडताना किमान २,००० डॉलर भरावेत, असे नियम केले. १९३४ च्या अधिनियमाचा मुख्य रोख बाजारात जाणाऱ्या एकूण कर्जावर होता. कोणत्या व्यक्तीने किती वेळा खरेदी-विक्री करावी, याविषयी त्यात निर्बंध नव्हता.

डे ट्रेडिंगचा प्रसार : सकाळी घेऊन संध्याकाळी मोकळे होण्याचा व्यवसाय दीर्घकाळ बाजाराच्या सभासदांपुरताच मर्यादित होता. बाहेरच्या ग्राहकाला प्रत्येक सौद्यावर ठराविक दराने दलाली द्यावी लागत असल्याने अल्पशा चढउतारात त्याला काही उरत नसे. १ मे १९७५ रोजी अमेरिकेत दलालीचे ठराविक दर रद्द झाले आणि स्वस्त दलालपेढ्यांचा उदय झाला. १९८४ च्या अखेरीस नॅसडॅक बाजारात छोट्या मागण्यांची संगणकाद्वारे आपोआप पूर्तता करणारी यंत्रणा सुरू झाली. ऑक्टोबर १९८७ च्या घसरणीत अनेक बाजारकर्त्या व्यापाऱ्यांनी दूरध्वनी उचललेच नाहीत, अशा तक्रारी झाल्या. त्यानंतर १९८८ मध्ये या यंत्रणेतील सहभाग त्यांच्यावर सक्तीचा करण्यात आला. छोट्या ग्राहकांच्या सोयीसाठी केलेल्या या तरतुदीचा लाभ चपळ सटोडियांनी उठविला. बाजारकर्त्याने जाहीर केलेला भाव बदलण्यापूर्वीच ते त्या भावाने सौदा करीत व क्षणार्धात दुसरीकडे तो उलटवीत. व्यापाऱ्यांनी त्यांना ‘दरोडेखोर’ म्हटले. आपण बड्यांची मक्तेदारी मोडीत आहोत, असा त्यांचा दावा होता. १९९७ मध्ये आयोगाने अमलात आणलेल्या नव्या नियमांमुळे सामान्य ग्राहकांचे भाव सर्वांना दिसू लागले आणि संगणकीय व्यापारजालांना चालना मिळाली. भावांतील किमान फरकही त्याच वर्षी डॉलरच्या एकअष्टमांशावरून एकषोडशांशावर व २००१ मध्ये एका सेंटवर आला.

१९९८–९९ च्या तेजीत डे ट्रेडिंगचा वेगाने प्रसार झाला. केवळ याच व्यवसायासाठी निघालेल्या पेढ्या ग्राहकांना आपल्या कार्यालयात संगणकासमोर जागा देत, अल्प मुदतीचे शिक्षणवर्ग चालवीत व नोकरी सोडून याच मार्गाने उपजीविका करता येईल, अशा जाहिराती करीत. ग्राहकाचा नफा होवो की तोटा, प्रत्येक सौद्यावरील दलाली पेढीला मिळतच असे. राज्य पातळीवरील रोखे-नियंत्रकांच्या संघटनेने ऑगस्ट १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात एका पेढीतील निवडक खात्यांचे विश्लेषण दिले होते. तपासलेल्या २६ खात्यांपैकी केवळ तीन खात्यांत अल्पमुदती सट्टा फायद्याने करण्याची क्षमता दिसून आली. सुमारे ७० टक्के ग्राहक तोट्यात जाऊन आपले सर्व भांडवल गमावतील, असा निष्कर्ष त्यात होता. काही पेढ्या मार्जिनची तूट भरून काढण्यासाठी एका ग्राहकाकडून दुसऱ्यास कर्ज मिळवून देत असल्याचेही आढळले. त्याच सुमारास, २९ जुलै १९९९ रोजी, डे ट्रेडिंगमध्ये मोठे नुकसान सोसलेल्या एका इसमाने अटलांटा येथे अशा दोन पेढ्यांच्या कार्यालयांत गोळीबार करून नऊ जणांचे प्राण घेतले. या घटनेने संपूर्ण देशाचे लक्ष या व्यवसायाकडे वेधले गेले. सिनेटच्या चौकशी उपसमितीने सुझन कॉलिन्स यांच्या अध्यक्षतेखाली १९९९ व २००० मध्ये या विषयावर जाहीर सुनावण्या घेतल्या.

नियमाची निर्मिती : नियंत्रकांपुढे दोन निराळे प्रश्न होते. पहिला प्रश्न हिशेबाचा होता. तत्कालीन नियमांनुसार मार्जिनची गणना मुख्यतः दिवसअखेर शिल्लक राहिलेल्या शेअरांवर होई. डे ट्रेडिंग करणाऱ्याजवळ संध्याकाळी काहीच शिल्लक नसल्याने त्याने दिवसभरात कितीही मोठी जोखीम पत्करली असली, तरी ती हिशेबात दिसत नसे. दुपारी भाव अचानक कोसळले व ग्राहक तोटा भरण्यास असमर्थ ठरला, तर तो भार पेढीवर व अंतिमतः समाशोधन-व्यवस्थेवर पडण्याचा धोका होता. दुसरा प्रश्न अननुभवी लोकांच्या संरक्षणाचा होता. या प्रश्नाचे उत्तर प्रामुख्याने निराळ्या नियमांनी देण्यात आले : ऑक्टोबर २००० पासून डे ट्रेडिंगला उत्तेजन देणाऱ्या पेढ्यांवर ग्राहकाला जोखमीचे निवेदन देण्याचे व हा व्यवसाय त्याला योग्य आहे किंवा नाही, हे पाहण्याचे बंधन घालण्यात आले.

पहिल्या प्रश्नासाठी न्यूयॉर्क शेअर बाजार आणि रोखे-व्यापाऱ्यांची राष्ट्रीय संघटना यांनी आपापल्या मार्जिन-नियमांत दुरुस्त्या सुचविल्या. छोट्या गुंतवणूकदारांनी त्यांना विरोध दर्शविला; परंतु २७ फेब्रुवारी २००१ रोजी आयोगाने त्यांस मंजुरी दिली. न्यूयॉर्क शेअर बाजाराचा नियम २७ ऑगस्टपासून व राष्ट्रीय संघटनेचा २८ सप्टेंबर २००१ पासून अमलात आला. या दोन संस्थांची नियंत्रणविषयक कार्ये २००७ मध्ये एकत्र करून ‘फिनरा’ ही संस्था निर्माण झाली आणि डिसेंबर २०१० पासून हे नियम तिच्या ४२१० क्रमांकाच्या नियमात समाविष्ट करण्यात आले.

नियमातील तरतुदी : २००१ च्या नियमानुसार कर्जाच्या खात्यात पाच कामकाजाच्या दिवसांत चार वा अधिक दिनांतर्गत व्यवहार करणारा ग्राहक ‘सराईत दिनव्यवहारी’ ठरत असे. अशा व्यवहारांचे प्रमाण त्या कालावधीतील एकूण व्यवहारांच्या सहा टक्क्यांपेक्षा अधिक नसल्यास मात्र त्याला सूट असे. ग्राहक असे व्यवहार करणार आहे, असे मानण्यास पेढीजवळ सबळ कारण असेल, तर त्याला प्रारंभीच या वर्गात घालता येई. पेढीने स्वतःच त्याला डे ट्रेडिंगचे शिक्षण दिलेले असणे, हे असे एक कारण होय. या वर्गातील ग्राहकाच्या खात्यात रोख व शेअर मिळून किमान २५,००० डॉलर स्वभांडवल दिवसाचा पहिला व्यवहार करण्यापूर्वीच असणे बंधनकारक होते. शिल्लक याखाली गेल्यास ती पूर्ववत होईपर्यंत दिनांतर्गत व्यवहार थांबवावे लागत. या कारणासाठी भरलेली रक्कम दोन कामकाजाचे दिवस खात्यात राहू देणे आवश्यक असे, तसेच एका ग्राहकाची तूट दुसऱ्याच्या हमीने भरून काढण्यास मनाई करण्यात आली.

या निर्बंधाबरोबरच एक सवलतही देण्यात आली. पात्र ग्राहकास आदल्या दिवसअखेरच्या आवश्यक मार्जिनहून अधिक असलेल्या स्वभांडवलाच्या चौपट रकमेपर्यंत दिवसभरात खरेदी करता येऊ लागली. ही मर्यादा ओलांडल्यास वाढीव मार्जिन भरण्यासाठी पाच कामकाजाचे दिवस मिळत. त्या काळात खरेदीची मर्यादा दुपटीवर येई आणि मुदतीत रक्कम न भरल्यास ९० दिवस केवळ हाती असलेल्या रोख रकमेपुरतेच व्यवहार करता येत.

नियमातील विसंगती या दोन तरतुदी एकत्र वाचल्यास ध्यानात येते. ज्याच्या खात्यात २४,००० डॉलर आहेत, त्याला आठवड्यात चौथा दिनांतर्गत व्यवहार, तो कितीही लहान असला, तरी करता येत नसे. उलट ज्याच्या खात्यात ३०,००० डॉलर आहेत व अन्य शेअर नाहीत, त्याला एकाच दिवशी १,२०,००० डॉलरांची खरेदी करण्याची मुभा होती. त्याने ती पूर्ण वापरली आणि भाव पाच टक्क्यांनी उतरले, तर ६,००० डॉलर, म्हणजे भांडवलाचा पाचवा हिस्सा नाहीसा होऊन तोही २४,००० डॉलरांवर येई. नियमाचा हेतू पेढीला संभाव्य तुटीविरुद्ध एक ठोस आधार देण्याचा मानला, तर ही रचना सुसंगत दिसते. कारण मोठ्या शिल्लकेतून तूट भरून निघू शकते. परंतु ग्राहकाचे नुकसान टाळणे हा हेतू मानला, तर ती समर्थनीय ठरत नाही. खात्यातील रक्कम हे ज्ञानाचे अथवा संयमाचे माप नव्हे. फार तर ते नुकसान सोसण्याच्या ऐपतीचे माप होय, आणि तेही अपुरे. एखाद्याची आयुष्यभराची पुंजी २५,००० डॉलर असेल व दुसऱ्या सधन माणसाने केवळ ५,००० डॉलर खात्यात ठेवले असतील, तर नियमाच्या दृष्टीने पहिलाच पात्र ठरत असे.

परिणाम व टीका : नियम अमलात आला, तेव्हा ज्या तेजीने तो आवश्यक केला, ती ओसरली होती. १० मार्च २००० रोजी ५,००० च्या वर गेलेला नॅसडॅक निर्देशांक ऑक्टोबर २००२ मध्ये १,१०० च्या आसपास आला. त्यामुळे डे ट्रेडिंगमध्ये झालेली घट नियमामुळे किती व मंदीमुळे किती, हे वेगळे करून दाखविणे कठीण आहे. छोट्या ग्राहकांनी पुढील काळात निरनिराळे मार्ग अवलंबिले. काहींनी अनेक पेढ्यांत खाती उघडून प्रत्येकात तीनच व्यवहार करण्याची युक्ती योजली. काहींनी कर्जाचे खाते सोडून रोखीचे खाते पत्करले, कारण हा नियम फक्त कर्जाच्या खात्याला लागू होता. मात्र रोखीच्या खात्यात विक्रीची रक्कम हिशेबपूर्तीनंतरच पुन्हा मोकळेपणे वापरता येई. ही मुदत १९९५ पासून तीन, २०१७ पासून दोन व २८ मे २०२४ पासून एक कामकाजाचा दिवस झाल्याने ही अडचण क्रमशः कमी झाली. आणखी काही जण वायदेबाजाराकडे व परकी चलनांच्या सट्ट्याकडे वळले. हे व्यवहार निराळ्या आयोगाच्या अखत्यारीत असल्याने त्यांना २५,००० डॉलरांची अट नव्हती. पण प्रमुख चलनांच्या बाबतीत तेथे भांडवलाच्या पन्नासपटींपर्यंत व्यवहार करण्यास २०१० च्या नियमांनी परवानगी दिलेली होती. शेअरांच्या बाजारात चौपटीचा धोका नको म्हणून अडविलेला मनुष्य अशा रीतीने पन्नासपटीच्या धोक्याकडे जाऊ शकत होता.

नियमावर आणखी दोन आक्षेप घेतले गेले. सकाळी घेतलेले शेअर दुपारी उतरू लागल्यास ते त्वरित विकून नुकसान मर्यादित ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग असतो. परंतु तीन व्यवहार आधीच झालेले असल्यास चौथ्याची गणना होऊन खात्यावर निर्बंध येतील, या भीतीने छोटा ग्राहक ते रात्रभर तसेच ठेवण्यास प्रवृत्त होई. म्हणजेच जोखीम कमी करण्याची कृतीच दंडनीय ठरत असे. दुसरा आक्षेप मर्यादेच्या रकमेविषयी होता. महागाईच्या प्रमाणात ती वाढविण्याची तरतूद नव्हती. २००१ मधील २५,००० डॉलरांची क्रयशक्ती २०२५ मध्ये सुमारे ४५,००० डॉलरांच्या बरोबरीची होती. त्यामुळे आकडा तोच राहूनही अट वर्षानुवर्षे सौम्य होत गेली व ती मूळ जोखमीच्या कोणत्याही गणितावर आधारलेली नव्हती, हे उघड झाले.

नियमाच्या समर्थकांची बाजूही दुर्लक्षणीय नाही. दिनांतर्गत व्यवहार करणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक तोट्यात जातात, हे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांवरून सिद्ध झाले आहे. तैवानमधील सर्व व्यवहारांच्या नोंदींवर आधारलेल्या बार्बर, ली, लिऊ व ओडीन यांच्या संशोधनानुसार खर्च वजा जाता सातत्याने नफा मिळवू शकणाऱ्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. ब्राझीलमधील वायदेबाजारात २०१३ ते २०१५ या काळात हा व्यवसाय सुरू करून तो तीनशेहून अधिक दिवस चालू ठेवणाऱ्यांपैकी ९७ टक्के लोकांना तोटा झाला आणि किमान वेतनापेक्षा अधिक मिळविणारे केवळ १·१ टक्का निघाले. तैवान व ब्राझील येथील या निष्कर्षांवरून अनुभवाने वा चिकाटीने यश मिळतेच, ही समजूत निराधार ठरते. तथापि बहुतेकांना होणाऱ्या तोट्याचे हे पुरावे डे ट्रेडिंगविरुद्ध आहेत. सधनांना मुभा व निर्धनांना मनाई या भेदास त्यांतून आधार मिळत नाही.

भारतातील स्थिती : मुंबई शेअर बाजारात (स्थापना १८७५) दिवसभर सौदे करून संध्याकाळी मोकळे होणारे ‘जॉबर’ पूर्वीपासून होते आणि सौदा पुढील हिशेबावर ढकलण्याची ‘बदला’ पद्धत प्रदीर्घ काळ चालत आली. २ जुलै २००१ पासून बदला बंद करण्यात आला. अमेरिकेतील नियम अमलात येण्याच्या काही आठवडेच आधीची ही घटना आहे. सामान्य शेअरांच्या दिनांतर्गत व्यवहारांसाठी अमेरिकेसारखी किमान शिल्लकेची अट भारताने घातली नाही. येथे भर देण्यात आला तो प्रत्येक सौद्यामागील मार्जिनवर. डिसेंबर २०२० ते सप्टेंबर २०२१ या काळात भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबी) दिवसातील कमाल जोखमीच्या क्षणी आवश्यक असणारे मार्जिन २५, ५०, ७५ व शेवटी १०० टक्के अशा टप्प्यांनी वसूल करणे दलालांना सक्तीचे केले. त्यामुळे दलालांनी आवश्यक मार्जिनहून कमी रकमेवर ग्राहकांना जादा उचल देण्याची प्रथा संपुष्टात आली. अल्प भांडवलाच्या व जास्त भांडवलाच्या ग्राहकास हा नियम सारखाच लागू होतो.

अप्रत्यक्ष स्वरूपात मात्र रकमेचा उंबरठा भारतातही आढळतो. वायदे व विकल्प यांच्या सौद्याचे किमान मूल्य दोन लाख रुपयांपेक्षा कमी नसावे, ही संसदीय समितीची शिफारस छोट्या गुंतवणूकदारांना या बाजारापासून दूर ठेवण्याच्या हेतूने स्वीकारण्यात आली होती. ही मर्यादा २०१५ मध्ये पाच लाख व नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकांवरील सौद्यांसाठी पंधरा लाख रुपये करण्यात आली. तरीही अल्प अधिमूल्य भरून विकल्प घेता येत असल्याने हा अडसर पुरेसा ठरला नाही. सेबीच्या २०२४ मधील अभ्यासांनुसार २०२२-२३ मध्ये शेअरांत दिनांतर्गत व्यवहार करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाला, तर वायदे व विकल्पांत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के व्यक्ती तोट्यात गेल्या व त्यांचा एकत्रित तोटा १·८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता.

पुनर्विचार : ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेतील प्रमुख दलालपेढ्यांनी शेअर-व्यवहारांवरील दलाली शून्यावर आणली. त्यानंतर भ्रमणध्वनीवरून व्यवहार करणाऱ्या तरुण ग्राहकांची संख्या वाढली आणि जानेवारी २०२१ मधील गेमस्टॉप या कंपनीच्या शेअरांतील उलथापालथीने छोट्या गुंतवणूकदारांचे सामूहिक बळ दिसून आले. जुना नियम आखताना सौद्यागणिक दलाली मिळविण्यासाठी ग्राहकांना उत्तेजन देणाऱ्या पेढ्या नियंत्रकांच्या दृष्टीसमोर होत्या. संगणकांच्या प्रगतीमुळे प्रत्येक खात्यातील जोखीम क्षणोक्षणी मोजणेही पेढ्यांना शक्य झाले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये फिनराने या नियमांच्या उपयुक्ततेविषयी जाहीरपणे अभिप्राय मागविले. सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या संचालक मंडळाने व्यवहारांची मोजदाद व २५,००० डॉलरांची अट काढून टाकून, दिवसभरात प्रत्यक्ष धारण केलेल्या शेअरांच्या प्रमाणात पुरेसे स्वभांडवल राखण्याचा नियम आणण्यास मान्यता दिली. असा बदल अमलात येण्यापूर्वी रोखे व विनिमय आयोगाची मंजुरी आवश्यक असते.

या निर्णयाने मार्जिन-नियम त्याच्या मूळ कार्याकडे, म्हणजे दिलेल्या कर्जाच्या सुरक्षिततेकडे, वळविण्यात आला. २००१ मध्ये जो हिशेबाचा प्रश्न दिवसअखेरच्या गणनेमुळे सुटू शकत नव्हता, त्यावर एक ढोबळ रक्कम ठरवून तोडगा काढण्यात आला होता. मोजणीची साधने उपलब्ध झाल्यावर त्या तोडग्याची गरज उरली नाही. ग्राहकाच्या संरक्षणाचा प्रश्न मात्र शिल्लकेच्या अटीने कधीच सुटलेला नव्हता व ती काढून टाकल्यानेही सुटत नाही. जोखमीचे स्पष्ट निवेदन, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर नियंत्रण, कर्जाच्या पटींवर सर्वांना समान मर्यादा आणि तोट्याच्या खऱ्या प्रमाणाची नियमित प्रसिद्धी, हे त्यावरील उपाय होत. छोट्या गुंतवणूकदारास बाजारात येण्यास मज्जाव करण्याऐवजी त्याच्या हाती पडणारे कर्ज व त्याला दाखविले जाणारे आमिष यांवर अंकुश ठेवणे अधिक न्याय्य आहे, असेच या नियमाच्या पाव शतकाच्या इतिहासावरून दिसते.